बाबा, औषध अजून लांब आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "कार्यशाळेत नक्की कुठलं औषध केलंत?" तेव्हा गाडीची घाई होती. आता सविस्तर लिहिते.

औषध केलं नाही. तुमच्या मेडिकलच्या फळीवर जे खोकं येतं, त्याच्या कितीतरी वर्षं आधीचं काम शिकलो. मेरी क्युरी या युरोपियन योजनेतल्या आमच्या नेटवर्कमधले पीएचडीचे सगळे विद्यार्थी स्वीडनमध्ये लुंडला मॅक्स फोर या सिंक्रोट्रॉनवर जमलो होतो. 528 मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात, त्यातून निघणारे क्ष-किरण प्रथिनांच्या स्फटिकांवर सोडायचे, म्हणजे प्रथिनाची रचना आणि त्याला काय चिकटलंय ते कळतं. हमरस्त्याची थरथर आत पोचू नये म्हणून बाहेर मातीचे उंचवटे रचलेत.

पॅरासिटॅमॉलचा रेणुभार 151, ॲस्पिरिनचा 180. आम्ही तेवढेच छोटे, साधारण 300 च्या आतले रेणू घेतो. त्यांना फ्रॅगमेंट म्हणतात. जंतूच्या प्रथिनाला ते जेमतेम चिकटतात, पण नेमके कुठे चिकटले हे दिसलं की तिथून एकेक अणुगट जोडत रेणू वाढवता येतो. कॅन्सरवरचं वेमुराफेनिब असंच घडलं, त्याला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. रक्ताच्या कॅन्सरवरच्या व्हेनेटोक्लॅक्सची मुळं ज्या पद्धतीत आहेत ती 1996 मध्ये प्रसिद्ध झाली, औषध आलं 2016 ला. वीस वर्षं! आई, "कधी निघणार गं तुझं औषध?" याचं उत्तर यात आहे.

सगळ्यात आवडलं ते स्फटिक उचलणं. मायक्रोस्कोपखाली थेंबात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा स्फटिक दिसतो. बारीक नायलॉनच्या फासात तो अलगद घ्यायचा आणि लगेच उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा. थेंब सुकायच्या आत हे व्हायला हवं. काही स्फटिक त्याआधी फ्रॅगमेंटच्या द्रावणात भिजवतानाच तडकतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांत शेवटी काहीच चिकटलेलं नसतं. आमच्या गटाचे तक्ते रिकाम्या नोंदींनी भरले होते, आणि त्याही इतरांसाठी खुल्या ठेवायच्या असं सगळ्यांनी ठरवलं. मला हे फार योग्य वाटतं. एकाने पाहिलेली रिकामी जागा दुसऱ्याने पुन्हा वर्षभर का शोधावी?

माझं प्रथिन क्षयाच्या जंतूचं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. फ्रॅगमेंटपासून वाढवलेलं टीबीचं एकही औषध अजून बाजारात नाही. टीबीवरचं रिफाम्पिसिन देताना तुम्ही गिऱ्हाइकाला बजावायचात, "लघवी केशरी होईल, घाबरू नका, गोळ्या सोडू नका." ते रिफाम्पिसिन 1960 च्या दशकातलं. त्यानंतर बेडाक्विलिन येईपर्यंत, म्हणजे 2012 पर्यंत, टीबीसाठी पूर्णपणे नव्या गटातलं औषध चाळीसहून अधिक वर्षं आलं नव्हतं. म्हणून मला याच कामात राहायचं आहे. माझ्या हातून औषध निघेल असं नाही. क्लिनिकल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांत पोचलेल्या दहांतले साधारण नऊ रेणू गळतात, आम्ही तर त्याच्याही खूप अलीकडे आहोत. म्हणून बाबा, दुकानात कुणाला "मुलगी टीबीचं औषध काढतेय" असं सांगू नका. ती टीबीच्या जंतूचा अभ्यास करते, एवढं सांगा. ते खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आई, मी एकटी पडत नाही. या मेरी क्युरी योजनेचा नियमच असा की रुजू होण्याआधीच्या तीन वर्षांत ज्या देशात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, तिथे जागा मिळत नाही. त्यामुळे सगळेच घर सोडून आलेले. संध्याकाळी सगळे मिळून स्वयंपाक करायचो. तुझा गोडा मसाला वापरून केलेली डाळ कढईत उरली नाही. येताना कुणी भेटलं तर अजून पाव किलो पाठव.

बाबा, एक काम आहे. पुढच्या कार्यशाळेत रुग्ण उपचार मध्येच का सोडतात यावर मला बोलायचं आहे. काउंटरवर लोक काय कारणं सांगायचे, कुठल्या महिन्यात यायचे थांबायचे, हे आठवेल तसं लिहून पाठवा. नावं नकोत. अक्षर कसंही असलं तरी चालेल, मला वाचता येतं.

तुमची,
मनू