ऐकवलेला आवाज एक, बसवलेला दुसरा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : क्लासिक ३५० साठी घेतलेला सायलेन्सर परत घेऊन पैसे देण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात मी तुमच्या वेबसाइटवरून रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० साठी शॉर्ट बॉटल सायलेन्सर मागवला. किंमत ४,२०० रुपये. माल वेळेत आला, क्रोम चांगलं आहे, बेंड पाइपवर नीट बसला. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आवाजाची आहे. माणूस सायलेन्सर बदलतो तो आवाजासाठी, आणि घेण्याआधी वाजवून बघता येत नाही, म्हणून तुमच्या वेबसाइटवरच्या आवाजाच्या क्लिपवरच भिस्त ठेवावी लागते. मी ती आठवडाभर हेडफोन लावून ऐकली. वडिलांच्या जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटचा ठोका माझ्या कानात आहे. तसा भरीव, खालचा सूर मला हवा होता. क्लिपमध्ये तो होता.

गाडीवर मात्र कोरडा, पत्र्यासारखा आवाज निघाला. थ्रॉटल सोडला की फटाके. मेकॅनिकने गॅस्केट तपासली, गळती नाही. मग मी तुमची क्लिप हळू करून ऐकली. त्यात ठोके जोडीने पडतात : दोन जवळ, मग फट, पुन्हा दोन. माझं इंजिन एका सिलिंडरचं आहे. क्रँकच्या (इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकच ठोका, तोही सारख्या अंतराने. जोडीचा ठोका ६५० ट्विनचा, म्हणजे रॉयल एनफिल्डच्याच दोन सिलिंडरच्या गाडीचा. तिचा क्रँक २७० अंशांचा असल्याने एक ठोका २७० अंशांनी, पुढचा ४५० अंशांनी पडतो. म्हणजे ३५० च्या पानावर तुम्ही ६५० चा आवाज लावला आहे.

शिवाय वर्णनात ‘डीबी किलरसह’, म्हणजे आवाज कमी करणाऱ्या आतल्या पुंगळीसह, असं लिहिलं होतं. खोक्यात तो नव्हता, पाइपमध्येही नाही. पुंगळी काढलेल्या गाडीवर पोलीस कारवाई करतात, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या शेजारी पाच महिन्यांचं बाळ आहे. तीन दिवस मी गाडी चौकापर्यंत ढकलत नेली आणि तिथे सुरू केली. चौथ्या दिवशी जुना सायलेन्सर परत चढवला.

फोनवर तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं, ‘आवाज ज्याच्या त्याच्या आवडीचा असतो, बसवलेला माल परत घेत नाही.’ आवड माझी, हे मान्य. पण सिलिंडर एक की दोन, हा आवडीचा प्रश्न नाही. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

माझे ४,२०० रुपये आणि दोनदा चढवण्या-उतरवण्याचे ६०० रुपये १५ दिवसांत परत करावेत. पाइप तुमच्या खर्चाने न्यावा. ती क्लिप आजच काढावी आणि नव्या क्लिपखाली गाडी कोणती, डीबी किलर आहे की नाही, माइक किती अंतरावर होता, हे लिहावं. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : बिल, खोकं उघडतानाचा व्हिडिओ, तुमची क्लिप आणि माझ्या गाडीचं रेकॉर्डिंग.

आपला,
एक ग्राहक, सातारा