रेकॉर्डिंगमध्ये जमीन हादरत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाच महिन्यांनी कामावर रुजू झालो, त्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत फोन वाजला. ‘अभिनंदन! तुमचा कार्यक्रम यशस्वीरीत्या पूर्ण झाला आहे.’ दुखापतीनंतर मानसिक आधारासाठी कंपनीने जे ॲप दिलं होतं, त्याचा हा निरोप. आणखी पंधरा मिनिटांनी मी प्रेसच्या शेडमध्ये पाऊल ठेवणार होतो. माझी परीक्षा अजून सुरू व्हायची होती आणि शिकवणीवाले निकाल लावून मोकळे झाले होते.

पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर मी १९ वर्षं काढली. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची टोकाची पेरं तिथेच गेली. चूक कोणाची, याची चौकशी होऊन गेली. ती इथे उगाळत नाही. सर्जनने हात चांगला सांधला, फिजिओथेरपीने पकड परत आली. फिटनेस सर्टिफिकेटवर बोटांची एकेक हालचाल अंशांत मोजून लिहिली होती. रात्री कितीदा दचकून उठतो, ते लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

ऑनलाइन समुपदेशनाची टिंगल करायला मी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो. मानसोपचाराची पाटी लावलेल्या दारातून मी कधीच आत गेलो नसतो. घरात, दार लावून, कॅमेरा बंद ठेवून बोलता आलं म्हणून बोललो. पहिल्याच दिवशी मात्र गंमत झाली. ॲप उघडायला फोन बोटाचा ठसा मागत होता आणि नोंदलेलं बोट होतं उजवी तर्जनी. सवयीने तीच टेकवली. ‘ठसा जुळत नाही.’ पुन्हा टेकवली. ‘पुन्हा प्रयत्न करा.’ ऑपरेशनला डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं, ते त्या दोन ओळींवर निघालं.

मग नऊ प्रश्नांची प्रश्नावली आली. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. गुण ० ते २७. पीएचक्यू-९ तिचं नाव, जगभर वापरतात, आणि तिच्यात वाईट काही नाही. पण नववा प्रश्न ‘आपण मेलेलं बरं असं वाटतं का’ अशा अर्थाचा असतो. माझ्यापुढे तो कंपनीने पाठवलेल्या लिंकवर, माथ्यावर कंपनीचं बोधचिन्ह घेऊन आला. मी ‘अजिबात नाही’वर टिचकी मारली. ते खोटं होतं. उत्तर कोणाच्या टेबलावर जाणार हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि वर कळलं तर आपल्याला परत मशीन देणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या सत्रात समुपदेशक मॅडमनी तोच प्रश्न तोंडी, सरळ विचारला. तेव्हा खरं सांगितलं. असं विचारलं की नको तो विचार मनात पेरला जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

मॅडमनी एक साधी गोष्ट समजावली. भीती वाटते म्हणून माणूस टाळतो आणि टाळल्यामुळे भीती वाढते. हात वापरला नाही की आखडतो, आखडला की दुखतो, दुखला की पुन्हा वापरायची भीती. यावर त्यांनी काम दिलं. एका सहकाऱ्याकडून शेडचा आवाज रेकॉर्ड करून मागवला. पहिल्या दिवशी अगदी बारीक आवाजात दोनच मिनिटं. त्या विचारायच्या, “भीती शंभरात किती?” नव्वद. पण आवाज बंद करायचा नाही, भीती उतरेपर्यंत बसून राहायचं. तीन आठवड्यांनी पूर्ण आवाजात वीस मिनिटं ऐकलं आणि आकडा चाळीसवर आला. हे काम ऑनलाइनच चांगलं होतं. घरात मी, घरात तो आवाज, आणि कानाशी धीर देणारं माणूस.

पण रेकॉर्डिंगमध्ये जमीन हादरत नाही. रुजू झालो त्या दिवशी शेडमध्ये शिरलो आणि प्रेसचा पहिला ठोका बुटाच्या तळातून पोटरीत चढला. तीन आठवड्यांची कमाई तिथेच सांडली. नसलेलं पेर खाजायला लागलं. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, “अहो, आता दोन हातांची बटणं बसवलीत. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय मशीन ठोका मारतच नाही. हात आत जाईल कसा?” बरोबर होतं त्याचं. मला पटतही होतं. हात मात्र खिशातून बाहेर येईना.

जेवणाच्या सुट्टीत स्वच्छतागृहात जाऊन ॲप उघडलं. सहा सत्रं मंजूर, सहा संपलेली. मदतीला उरला होता चॅटबॉट. मी लिहिलं, ‘मशीनजवळ उभं राहता येत नाही.’ उत्तर आलं, ‘उभं राहताना त्रास होत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.’ खाली दीर्घ श्वसनाचा व्हिडिओ. (श्वसन केलं मी. कुठे बसून केलं ते वर लिहिलंच आहे.)

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगभरात सुमारे साडेएकोणचाळीस कोटी कामगारांना कामावर अशी इजा झाली, ज्यातून ते वाचले. त्यातल्या कित्येकांना पुन्हा त्याच दारातून आत जावं लागलं असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मानसिक आजारामुळे रजेवर असलेल्या माणसाला परत आणताना उपचार आणि कामातले बदल यांची सांगड घालण्याचा विचार व्हावा, असं त्यांत आहे. वाचून बरं वाटलं. पण माझी रजा ‘हात’ या सदरात होती. मनही रजेवर होतं, याची नोंद कुठल्याच अर्जावर नव्हती.

ज्यांच्या हातात हे ठरवणं आहे त्यांना माझं सांगणं असं, की सत्रं सहाच परवडत असतील तर सहाच द्या, पण तीन रुजू होण्याच्या दिवसापुढे राखून ठेवा. पहिल्या आठवड्यातला एक कॉल पाळीच्या वेळेत, दार बंद होणाऱ्या खोलीत होऊ द्या. कामगाराची हरकत नसेल तर पंधरा मिनिटं सुपरवायझरलाही त्यात बसवा, म्हणजे बटणं दाखवण्याआधी काय विचारायचं ते त्याला कळेल. आणि प्रश्नावलीच्या पहिल्या प्रश्नाआधी एक ओळ लिहा: ही उत्तरं कोण वाचणार आणि कोण नाही. माणूसही तोच ठेवा. पुढची दोन सत्रं मी पदरचे पैसे भरून घेतली, तेव्हा त्या मॅडम मिळाल्या नाहीत. नव्या गृहस्थांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, बोटं कशी गेली तेसुद्धा.

अकरा आठवडे पॅकिंगला काढून गेल्या सोमवारी मी प्रेससमोर उभा राहिलो, मशीन बंद असताना. बुधवारी चालू केलं. शंभरात सत्तर.

आपला नम्र,
एक प्रेस ऑपरेटर

(नाव छापू नये ही विनंती. ती नऊ उत्तरं सध्या कोणाकडे आहेत, हे मला अजून कळलेलं नाही.)