कैरोच्या विमानतळावरून

चि. बाळ यास अनेक उत्तम आशीर्वाद.

मुंबईच्या विमानाला अजून सहा तास आहेत. आठ दिवस माझा फोन लागला नाही म्हणून तू चिडलेला असणार, हे मी धरूनच चालले आहे. पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियाच्या राजधानीत, अस्माऱ्यात, परक्या पाहुण्याला सिमकार्ड मिळत नाही आणि इंटरनेट कॅफेतून एक फोटो पाठवायचा म्हटले तर हातातला चहा निवून जातो. शिवाय काही गोष्टी त्या देशात बसून लिहिणे शहाणपणाचे नव्हते. आणि फोनवर बोलायला लागलो की आपण दोघे भांडतो, म्हणून हे पत्र.

माझ्या या प्रवासाला तू केलेल्या विरोधाचा मला राग नव्हता. राग आला तो इतरांचा. तुझ्या मामाने सोमालियाच्या समुद्री चाच्यांची जुनी बातमी पाठवली आणि शेजारच्या काकूंनी इबोलाची, जी साथ २०१४ मध्ये आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला पसरली होती. श्रीनगरला दगडफेक झाली म्हणून साताऱ्याचे तिकीट कोणी रद्द करत नाही. आफ्रिका मात्र या मंडळींच्या लेखी एकच गाव आहे.

तुझी शंका निराळी होती. ‘आई, सहासष्टाव्या वर्षी तिकडे आजारी पडलीस तर?’ याला माझ्याकडे चोख उत्तर नव्हते आणि आजही नाही. मोठे दुखणे आले असते तर हाल झाले असते. म्हणून औषधे दुप्पट घेतली, कार्ड चालत नाही म्हणून रोख डॉलर कमरेच्या पिशवीत ठेवले आणि इथिओपियाच्या सीमेकडे, जेथे १९९८ ते २००० च्या युद्धातले भूसुरुंग अजून सापडतात, तिकडे फिरकायचे नाही असे ठरवले. अस्मारा समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरांहून उंच असल्याने तेथे मलेरिया नाही. केरन गावासाठी मात्र गोळ्या घेतल्या.

अस्माऱ्यात मी रोज रात्री नऊपर्यंत एकटी फिरले. हार्नेट रस्त्यावर ताडांची रांग आहे, कोट घातलेले म्हातारे छोट्या पेल्यातली मॅकियाटो घेत बसतात आणि समोरून जाणाऱ्या मला मान लववून नमस्कार करतात. इटालियनांच्या राजवटीत आकाराला आलेले हे शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तुझ्यातल्या इंजिनिअरसाठी सांगते: १९३८ चा फियाट टाग्लिएरो पेट्रोलपंप विमानाच्या आकाराचा आहे आणि त्याचे काँक्रीटचे दोन पंख, प्रत्येकी सुमारे पंधरा मीटरांचे, खाली एकही खांब नसताना उभे आहेत. खाण्याची तर चिंताच नव्हती, कारण शिरो म्हणजे मसालेदार पिठलेच. ते आंबोळीसारख्या आंबट, जाळीदार इंजेराबरोबर खातात.

परंतु ही निर्धास्त रात्र कोणाच्या जिवावर, हा प्रश्न मला तिसऱ्या दिवसापासून टोचू लागला. १९९३ मध्ये स्वतंत्र झाल्यापासून तेथे राष्ट्रीय निवडणूक झालेली नाही, २००१ मध्ये बंद केलेली खासगी वृत्तपत्रे पुन्हा निघालेली नाहीत आणि तरुणांची सक्तीची राष्ट्रसेवा कागदावर अठरा महिन्यांची असली तरी प्रत्यक्षात वर्षानुवर्षे संपत नाही. मला भीती नव्हती. ज्या मुलीने मला कॉफी करून पाजली, तिला किती आहे हे मी विचारलेही नाही, कारण उत्तर देणे तिच्याच अंगाशी आले असते. तुझ्या मामाला हे सांगू नकोस, ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ असे म्हणेल, आणि ते चुकीच्या कारणासाठी म्हणेल.

आता ज्यासाठी गेले ते. शहराबाहेर पडायला सरकारी परवाना लागतो. तो काढला आणि सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या केरनला बसने गेले. तुझे आजोबा, आमचे अण्णा, तापात ‘केरनचा डोंगर’ म्हणत, आणि आम्हा पोरांना तो माण-खटावकडचाच एखादा वाटे. तो डोंगर दिसायलाही तसाच आहे, उघडा, काळपट, दगडगोट्यांचा. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या फेब्रुवारीपासून २७ मार्चपर्यंत, इटालियन सैन्य वरून तोफा डागत होते आणि ब्रिटिशांच्या फौजेतली आपली माणसे पाणी व दारूगोळा पाठीवर घेऊन खालून चढत होती. मार्चच्या मध्यावर मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी घेतली. एकवीस वर्षांच्या अण्णांना तेथे पाठवताना ‘तिकडे सुरक्षित आहे ना?’ असे कोणी विचारले नव्हते.

गावाजवळच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे वेगळे स्मारक आहे. आवार स्वच्छ होते, राखणदाराने फाटक उघडून दिले आणि मी नावे वाचत तासभर उभी राहिले. अण्णा ज्या सोबत्याविषयी बोलत, त्याचे फक्त पाळण्यातले नाव मला ठाऊक आहे, त्यामुळे कोणत्या ओळीपाशी थांबावे ते कळेना. जाताना नेलेली गावची माती शेवटी स्मारकाच्या पायथ्याशीच ठेवली.

माळ्यावरच्या हिरव्या ट्रंकेत अण्णांची पेन्शनची वही आहे. मी पोचण्याआधी ती काढून ठेव, तिच्यावर बटालियनचा आकडा तीन आहे का ते पाहा, आणि पाने सांभाळून उलट, कडा जीर्ण झाल्या आहेत.

तुझी,
आई