शेअर सर्टिफिकेट म्हणजे मालकी नव्हे

मा. संपादक, स. न.

जुना फ्लॅट घेताना अनेकजण सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सभासदत्वाच्या दाखल्यावर, विक्रेत्याचं नाव पाहतात आणि विसार देऊन मोकळे होतात. सर्टिफिकेट उलटून पाहा. मागच्या तक्त्यात ते नाव कधी चढलं, हे कळतं. कशामुळे चढलं, ते विचारावं लागतं. सभासद वारल्यावर सोसायटी नॉमिनीचं नाव लावते, पण नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त असतो, मालक नव्हे. मुलाच्या नावे नॉमिनेशन असलं तरी बहिणींचा हिस्सा उरतोच. त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर विक्रीकरारावर त्यांच्या सह्या. नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र पुरत नाही. सोसायट्यांनी त्या तक्त्यातच 'नॉमिनी म्हणून' असा शेरा मारावा, ही कळकळीची विनंती.

मग कागदांची साखळी: बिल्डरच्या पहिल्या करारापासून प्रत्येक मूळ करार, नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाकडचा व्यवहाराचा उतारा). मधला एक करार गहाळ असला तरी कर्ज अडू शकतं. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर विसारापूर्वीच थकबाकीचं पत्र मागा आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरा.

किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या रकमेतूनच कापायचा आयकर, खरेदीदारानेच कापून भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळे, कपातही बरीच जास्त. तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. सहीनंतर 4 महिन्यांत नोंदणी करा. आणि सोसायटीला हस्तांतर प्रीमियम, म्हणजे फ्लॅट नव्या सभासदाच्या नावे करण्याची रक्कम, 25 हजारांहून अधिक घेता येत नाही, मग तो 'देणगी' म्हणून मागितला तरी.

– एक वाचक, ठाणे