रजोनिवृत्तीला एकच बाटली कशी पुरेल?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

गेल्या काही महिन्यांत मराठी वृत्तपत्रांतून, आपल्या रविवार पुरवणीतूनही, चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी म्हणून आयुर्वेदिक गोळ्या आणि सिरपच्या जाहिराती ठळकपणे येऊ लागल्या आहेत. पाळी जाण्याच्या काळातल्या साऱ्या तक्रारी एकाच औषधाने मिटतील, असा त्यांचा सूर असतो. स्त्रीरोग या विषयात अनेक वर्षे आयुर्वेदाची चिकित्सा करणारी वैद्य म्हणून या जाहिरातींविषयी माझी जी तक्रार आहे, ती आयुर्वेदाच्याच बाजूने आहे.

सुश्रुतसंहिता आणि अष्टांगहृदय या दोन्ही प्राचीन आयुर्वेद ग्रंथांत आर्तवाचा, म्हणजे मासिक पाळीचा, काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे. रजोनिवृत्ती हा स्वतंत्र व्याधी म्हणून बृहत्त्रयीत, म्हणजे हे दोन ग्रंथ आणि चरकसंहिता यांत, वर्णिलेला नाही. भूक, तहान, झोप, जरा (म्हातारपण) यांना सुश्रुतांनी देहस्वभावानेच येणाऱ्या अवस्था मानले आणि त्यांतही वेळेवर येणाऱ्या त्या कालकृत, अवेळी येणाऱ्या त्या अकालकृत, असा भेद केला. चिकित्सालयात मला या भेदाचा फार उपयोग होतो. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबलेल्या बाईला बहुधा धीर, आहारविहाराचा सल्ला आणि लागेल तेवढेच औषध पुरते. परंतु अडतिसाव्या वर्षी जिची पाळी थांबली, तिला ‘वयाचा परिणाम’ म्हणून घरी पाठवून चालत नाही. चाळिशीच्या आत पाळी का गेली याचे कारण शोधावे लागते, आणि हाडांची व हृदयाची काळजी तिला इतरांच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते.

आपल्या राज्यात या अकाली रजोनिवृत्तीला एक वेगळीच, खेदजनक बाजू आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले असतील, तर एरवी तीन-चार वर्षांत हळूहळू येणारी रजोनिवृत्ती शस्त्रक्रियेच्या टेबलावरच येते. अशा तिशीतल्या बाईला हॉर्मोनच्या उपचाराची गरज आहे का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवावे. मी वैद्य असले, तरी तिथे केवळ शतावरीसारख्या वनस्पतीवर भिस्त ठेवणार नाही.

आता कालकृत रजोनिवृत्तीकडे वळते. आयुर्वेदानुसार मध्यम वयात पित्ताचे आणि उतारवयात वाताचे प्राबल्य असते, आणि पाळी थांबते ती नेमकी या दोहोंच्या संधिकाळात. त्यामुळे एकाच वयाच्या दोघी एकाच आठवड्यात समोर बसतात, पण त्यांच्या तक्रारी भिन्न असतात. एकीच्या अंगातून वाफा निघतात, रात्री गाऊन घामाने भिजतो, तळव्यांची आग होते आणि एरवी सोसल्या असत्या अशा गोष्टींवरून घरात भडका उडतो. दुसरीला घाम फारसा नाही. पण पहाटे तीनला जाग येते ती येतेच, गुडघे कुरकुरतात, त्वचा आणि योनिमार्ग कोरडे पडतात, विनाकारण धडधडते. पहिलीचे लोणची, तळण, आंबवलेले पदार्थ आणि दिवसभराचा चहा कमी करून तिला आवळा, भिजवलेल्या मनुका, धन्याचे पाणी आणि प्रवाळासारखी (पोवळ्यापासून केलेली) शीत औषधे द्यावी लागतात. दुसरीला आंघोळीआधी कोमट तिळाच्या तेलाचा अभ्यंग, रात्री काशाच्या वाटीने तळपायांना तूप आणि दोन्ही वेळा गरम, ताजे, सतूप जेवण हवे असते. हाडांची झीज दिसत असेल, तर वैद्याच्या देखरेखीखाली तिक्त (कडू) द्रव्यांनी सिद्ध केलेल्या दुधाच्या बस्तीचाही, म्हणजे औषधी एनिमाचाही, विचार करता येतो. तिसरी एक असते, जिचे वजन या दोन वर्षांत झपाट्याने वाढलेले असते. तिला दूध, तूप आणि शतावरीचे गोड कल्प दिले, तर त्रासात भरच पडेल. या तिघींना एकच बाटली कशी पुरेल?

ओघाने एक सांगते. औषध मागायला आलेल्या अनेकजणी आठवड्यातून दोन उपवास करत असतात आणि त्या दिवशी पोटात साबुदाण्याची खिचडी, वेफर्स आणि कॉफी यापलीकडे काही जात नाही. वात आणि पित्त दोन्ही वाढवायचे असतील, तर याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. उपवास सोडा म्हटले की रुग्ण वैद्यालाच सोडते, म्हणून मी राजगिरा, दूध आणि फळांवर तडजोड करते.

‘वनस्पतीच त्या, अपाय कसला?’ हा समजही या जाहिराती पोसतात. बाजारातल्या बहुतेक शतावरी कल्पांच्या डब्यामागची बारीक अक्षरे वाचली, तर शतावरीपेक्षा साखरच कितीतरी अधिक असल्याचे दिसते. मधुमेही स्त्रीने तो रोज दोन चमचे घ्यावा काय? ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम घटू शकते. अश्वगंधा थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांनी तर शतावरीसकट कोणतेही औषध आपल्या कर्करोगतज्ज्ञांना सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

अनेक जाहिराती ‘हॉर्मोनच्या गोळ्यांचे भयंकर दुष्परिणाम’ असा धाक घालतात. अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2002 मध्ये आले, तेव्हा जगभर अशी धास्ती खरोखरच बसली होती. मात्र पुढे त्याच माहितीची फेरतपासणी झाल्यावर, साठीच्या आतल्या किंवा पाळी थांबून दहा वर्षे न उलटलेल्या निरोगी स्त्रियांत फायदा धोक्यापेक्षा अधिक असू शकतो, असे दिसून आले. दोन दशकांपूर्वीची भीती विकून आयुर्वेदाची प्रतिष्ठा वाढत नाही.

सर्वांत गंभीर बाब रक्तस्रावाची आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी झालीच पाहिजे, कारण गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. दुकानातून अशोकारिष्टासारखे पाळीच्या तक्रारींवरचे आयुर्वेदिक औषध आणून चार महिने वाट पाहणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुर्दैवाने ‘अंगावरून जाणे, अनियमित पाळी, मेनोपॉज’ हे सारे एकाच ओळीत छापणाऱ्या जाहिराती स्त्रियांना नेमके तेच करायला लावतात.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या कलम 3 मध्ये स्त्रियांच्या मासिक पाळीच्या विकारांवर औषध सुचवणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे, आणि ही मनाई जाहिरात देणाऱ्यापुरती नसून तिच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. आपल्या जाहिरात विभागाने हे कलम एकदा वाचावे, आणि आरोग्य पुरवणीत रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाविषयीची वरील सूचना दर महिन्याला एकदा, चौकटीत आणि मोठ्या टायपात छापावी, ही विनंती.

आपली,
एक स्त्रीवैद्य, सातारा