टेप कुणी धरली होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रस्त्यावरच्या अपघातांबद्दलचा कालचा अग्रलेख वाचला. रात्रीच लिहायला बसणार होतो पण खाण्याचा गाडा बंद करून घरी पोचायला अकरा वाजले, आणि बायको म्हणाली आत्ता लिहाल तर नुसत्या शिव्या लिहाल, सकाळी लिहा. म्हणून सकाळी लिहितोय.

कडक शिक्षा करा, जरब बसवा, पोरांच्या बापांनाही आत टाका. भाषा झकास आहे, वाद नाही. पण साहेब, बापाला आत टाकायचं कलम २०१९ पासून आहे हो. अल्पवयीन पोरानं गाडी ठोकली तर पालक नाहीतर गाडीमालक जबाबदार, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. निष्काळजीपणानं माणूस मेला तर आधी जास्तीत जास्त २ वर्षं होती, १ जुलै २०२४ पासून, जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ती ५ झाली. ठोकून कुणाला न कळवता पळाला तर १०, असंही लिहिलेलं, पण ट्रकवाले रस्त्यावर उतरले आणि तेवढं पोटकलम बाजूला ठेवून बाकीचा कायदा लागू केला. म्हणजे कागदावर काही कमी नाही. तुम्ही अजून किती वाढवायला सांगताय?

मी कोण बोलणार म्हणाल, तर मी पंच, म्हणजे पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार. २०१६ साली आमच्या वळणावर रात्रपाळी करून घरी जाणाऱ्या एका माणसाच्या स्कूटरला कारनं उडवलं. मी पहाटे पातळभाजीला फोडणी देत होतो, आवाज ऐकला आणि धावलो. ठोकताना मी बघितलं नाही, कुणीच बघितलं नाही. हेल्मेट त्याच्या डोक्यावरच होतं, पट्टा नीट लावलेला. डबा गटारात. कारमधला पोरगा विशीतला, रस्त्याच्या कडेला बसून ओकत होता. पोलिस आले आणि गाडा माझा म्हणून पंच मी. हवालदारानं ब्रेकच्या खुणा पावलं टाकून मोजल्या आणि लिहिलं, १४ मीटर. मी सही केली. हातात भाजीचा डाव होता अजून.

समन्स आलं २०२२ ला. तेसुद्धा इंग्रजीत, वाचून घ्यायला शेजारच्या मास्तरांकडे जावं लागलं, हे जाता जाता. सहा हेलपाटे घातले, प्रत्येक वेळी गाडा बंद, दोनदा वकील आजारी, एकदा न्यायाधीश रजेवर. सहाव्या खेपेला उभा केला तेव्हा पोराचा वकील एकदम गोड आवाजात विचारतो, काका, टेप कुणी धरली होती? मी शपथ घेतलेली. म्हटलं, टेप नव्हती, चालून मोजलं. मग १४ मीटर तुम्ही स्वतः मोजले नाहीत? नाही. संपलं. पंचनामाच संशयास्पद, वेग कशावरून ठरवणार, संशयाचा फायदा देऊन निर्दोष. २ वर्षांचं कलम होतं, ५ चं असतं नाहीतर फाशीचं असतं तरी त्या प्रश्नाला माझं उत्तर तेच असतं ना.

बाहेर आल्यावर पोरगा, आता पोरगा कसला, लग्न झालेला, कडेवर मूल, माझ्याकडे येऊन हात जोडतो. थँक्यू अंकल. मला काय बोलावं कळेना. खोटं बोललो असतो तर आत गेला असता, खरं बोललो म्हणून सुटला, आणि मेलेल्याची बायको तिथंच पाच पावलांवर छत्री मिटत उभी. आता यात गुन्हेगार कोण ते तुमच्या अग्रलेखात बसवून दाखवा. खरं सांगायचं तर तो पोरगासुद्धा तारखांना वैतागलेला, मधे एकदा मला म्हणालेला, काका, हें केन्ना सोंपतलें? म्हणजे, हे कधी संपणार? शिक्षा त्याला झालीच नाही, पण मोकळाही तो कधी नव्हता. आणि ती बाई तर नाहीच नाही.

पुण्यात अल्पवयीन पोराच्या पोर्शे गाडीनं दोघांना उडवलं, त्या प्रकरणात २०२४ ला जामीन देताना पोराला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला तेव्हा तुम्ही किती हसलात. हसण्यासारखंच होतं. माझं पत्र ३०० च्या वर गेलंय, छापताना कापाल, तर टेपचं तेवढं कापू नका. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, दोनशे-अडीचशे रुपये, त्यावर एखादा अग्रलेख येऊ द्या.

अजून एक. आमच्या वळणावरच्या त्या अपघाताची बातमी तुमच्याच पेपरात पाचव्या पानावर आली होती, चार ओळी. मेलेल्या माणसाचं नाव चुकीचं छापलेलं, आडनाव भलतंच. बाईनं तुमच्या ऑफिसात दोनदा फोन केला, दुरुस्ती काही आली नाही. ते कात्रण तिनं अजून ठेवलंय. दुरुस्ती छापायची असेल तर बरोबर नाव मी देतो, गाड्यावर सकाळी सहापासून असतो.

आपला,
एक वाचक (आणि पंच)
फोंडा, गोवा