पायावरची निळी फुली

डॉक्टर ताई,

सप्रेम नमस्कार. वयाने मी तुमच्या वडिलांपेक्षाही मोठा असेन, तेव्हा रीतीप्रमाणे आशीर्वाद लिहायला हवा होता. पण मनात नमस्कारच आला, म्हणून तोच लिहितो.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांसमोर लिहितोय, कारण माझ्यासारखे पुष्कळ जण आज कुठल्या तरी कोपऱ्यावर पोटरी धरून उभे असतील. त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, "वय झालं आता, चालायचंच." मलाही दोन वर्षं हेच सांगितलं गेलं. तेव्हा वाटलेली लाज आणि आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

तीस वर्षं एसटीत वाहक होतो. भरलेल्या गाडीत उभ्याने तिकिटं फाडली, घाटात दांडा न धरता वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद, भरलं. त्या पायांना शंभर-सव्वाशे मीटरच्या पुढे जाता येईना. उजव्या पोटरीत कुणी ओलं फडकं पिळावं तसं व्हायचं. थांबलं की दोन-तीन मिनिटांत कमी. पुन्हा तेवढंच चालायचं, पुन्हा पीळ. माणसांसमोर पाय धरून उभं राहायची लाज वाटायची, म्हणून मी दुकानांपुढे थांबू लागलो. भांड्यांच्या दुकानापुढे इतक्यांदा थांबलो की आमच्या सौ. म्हणाल्या, "काही घ्यायचंय का तुम्हाला तिथून?" मी हो म्हणालो आणि नको असलेलं एक पातेलं घेऊन घरी आलो. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

त्या दोन वर्षांत मी चार ठिकाणी गेलो. कुणाचं नाव घेणार नाही. पहिल्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सायटिका म्हणून कमरेचा एमआरआय काढायला लावला आणि कमरेचे पट्टे बांधून ठेवले. तिसऱ्यांनी पोटरीला घट्ट बसणारे मोजे दिले. ते मी रात्रंदिवस घालायचो आणि पाय आणखी गार पडायचा. पाय गार पडतो म्हणून शेजारच्या एकाच्या सल्ल्याने गरम पाण्याची पिशवी लावली, तर फोड आला. तो भरायला सात आठवडे लागले. चौथे तर म्हणाले, "चालणं बंद करा, आराम करा." हे ऐकून मी घरात बसलो तो बसलोच. सकाळी आमराईत जाणं सुटलं, मंदिरात जाणं सुटलं. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जायचो, तेही सुनेकडे गेलं. या चार ठिकाणी माझे कागद पुष्कळ वाचले गेले. पायातला मोजा मात्र एकदाही कुणी काढायला सांगितला नाही.

तुमच्याकडे आलो ते शेजारणीच्या गुडघ्याच्या निमित्ताने. तिला सोबत म्हणून आलो होतो. पिठाच्या गिरणीशेजारची तुमची खोली, जानेवारीची सकाळ. बाकावर बसून मी नकळत पोटरी चोळत होतो. शेजारणीचं झाल्यावर तुम्ही मला विचारलंत, "काका, दुखायला लागलं की नुसतं उभं राहून थांबतं, की बसावं लागतं, पुढे वाकावं लागतं?"

मी म्हणालो, नुसतं उभं राहिलं तरी थांबतं.

तुमचा चेहरा बदलला. एवढा एकच प्रश्न. नंतर तुम्ही समजावून सांगितलंत की मणक्यातली नस दबली असेल तर माणसाला बसल्याशिवाय किंवा वाकल्याशिवाय बरं वाटत नाही, आणि रक्त कमी पोचत असेल तर जागच्या जागी उभं राहिलं तरी पोटरी शांत होते. इतका साधा फरक मला दोन वर्षांत आणि एवढ्या फियांत कुणी विचारला नव्हता.

मग तुम्ही खाली फरशीवर बसलात. मला संकोच वाटला. लेकीच्या वयाच्या डॉक्टरीणबाई माझ्या पायाशी बसतायत, हे बघवेना. मी पाय मागे घेतला. तुम्ही म्हणालात, "थांबा काका, माझे हात गार आहेत." आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळत बसलात. ते गरम झाल्यावरच मोजा उतरवलात. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत झालेली, अंगठ्याचं नख जाड झालेलं, हे सगळं तुम्ही नुसतं पाहिलंत. "असं कसं होऊ दिलंत" असा एक शब्दही बोलला नाहीत.

नाडी शोधायला पावलाच्या वरच्या बाजूला तीन बोटं ठेवून तुम्ही डोळे मिटलेत. बाहेर गिरणी चालू होती. तुम्ही बोटं जरा इकडे, जरा तिकडे करत होतात. किती वेळ गेला माहीत नाही, मला तो फार वाटला. मग घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडामागे बोटं नेलीत आणि थांबलात. खिशातलं बॉलपेन काढून तिथे एक छोटी फुली मारलीत आणि म्हणालात, "इथे लागते. कमी आहे, पण आहे."

ताई, त्या फुलीबद्दल लिहायचं म्हणूनच हे पत्र आहे. "पण आहे" हे दोन शब्द ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी ते खोकल्याच्या निमित्ताने पुसलं, हे तुम्हाला दिसलं असणार. घरी गेल्यावर रात्री ती फुली मी सौ.ना दाखवली. त्यांनीही तिथे बोट ठेवलं. आंघोळीत तिथे साबण लावायचा नाही असं ठरवलं. दोन दिवस टिकली. दोन वर्षं हा पाय म्हणजे नुसती कटकट होता, तक्रार होता, म्हातारपण होता. त्या फुलीने तो पुन्हा माझा पाय झाला.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही स्वतः काही सुरू केलं नाहीत, आधी रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. घोट्याच्या रक्तदाबाला हाताच्या रक्तदाबाने भागून गुणोत्तर काढतात, ते ०.९ च्या खाली असलं की पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचं कळतं. माझं उजव्या पायाचं ०.६६ निघालं. त्यांनी औषधं दिली आणि सांगितलं की जखम नाही, बसल्या जागी दुखत नाही, तेव्हा आधी चालण्याचा व्यायाम, बाकीचं नंतर. तुम्ही घट्ट मोजे त्याच दिवशी काढायला लावले आणि गरम पिशवी कायमची बंद केलीत.

आणि विडी. मी वीस वर्षांचा असल्यापासून ओढत होतो, डेपोतली सवय. तुम्ही उपदेश केला नाहीत. "दिवसातली पहिली कधी लागते, काका?" एवढंच विचारलंत. पहाटे चहाबरोबर, म्हणालो. "मग उद्या पहाटे चहाच्या वेळी मला फोन करा." मी केला. आठवडाभर रोज केला आणि तुम्ही रोज उचललात. तेव्हा तुमची स्वतःची लेकरं शाळेला निघायची घाई असायची, ती मला फोनवर ऐकू यायची. आज चार महिने झाले, विडी नाही.

तुम्ही माझा घोटा मोकळा केलात, आखडलेली पोटरी हळूहळू सैल केलीत, पायाची बोटं एकेक करून हलवायला शिकवलीत. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, "ताई, तुमच्या हाताने रक्ताची नस उघडेल का?" दुसरं कुणी हो म्हणालं असतं आणि मी त्यावरही विश्वास ठेवला असता. तुम्ही म्हणालात, "नाही काका. हाताने नस उघडत नाही. हाताने पाय सैल होतो, पाऊल नीट पडतं. बाकीचं काम तुमच्या चालण्याने होणार." माझ्या पैशांवर चार महिने चालवता आलं असतं असं एक खोटं तुम्ही बोलला नाहीत.

मग आमराईत चालणं. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. दुखेपर्यंत चालायचं, बऱ्यापैकी दुखायला लागलं की थांबायचं, पूर्ण शांत झालं की पुन्हा निघायचं. असं आधी अर्धा तास, मग पाऊण तास. दुखेपर्यंत चालायचं हे मला पटत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "काका, रस्ता बंद पडला की तुमची गाडी काय करायची?" मला २००५ चा महापूर आठवला. कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा कधी न पाहिलेल्या गावांमधून आम्ही गाडी काढली होती. तुम्ही म्हणालात, पोटरीला रक्त कमी पडलं की शरीरही बाजूच्या छोट्या रक्तवाहिन्यांवर भार टाकतं, आणि आहे तेवढ्या रक्तातल्या प्राणवायूवर जास्त काम करायला स्नायू शिकतात. पण गरज लागल्याशिवाय ते शिकत नाहीत, आणि बसून राहिलं की गरज लागत नाही.

तुम्हीच सांगितलंत की डेन्मार्कमधल्या लार्सन आणि लासेन या दोन डॉक्टरांनी रोजच्या चालण्याने असे रुग्ण जास्त लांब चालू लागतात हे १९६६ सालीच दाखवून दिलं होतं. त्या साली मी पहिलीत होतो, ताई. आणि मला "चालणं बंद करा" असं सांगितलं गेलं ते आत्ता, दोन वर्षांपूर्वी. याचा मला खरोखर संताप येतो. तेव्हाच चालायला सांगितलं असतं, तर निदान ती दोन वर्षं तरी वाचली असती.

पहिल्या आठवड्यात तुम्ही स्वतः माझ्याबरोबर चाललात. मी थांबलो की तुम्हीही थांबायचात आणि झाडाकडे बघत उभ्या राहायचात. घड्याळाकडे कधी पाहिलं नाहीत. मी दुकानांचं सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात की जर्मनीत या दुखण्याला दुकानाच्या काचेचा आजारच म्हणतात, कारण तिथले लोकही असेच काचेपुढे थांबतात. त्या दिवसापासून मला थांबायची लाज वाटली नाही. आता मी रस्त्याच्या मधोमध थांबतो.

बारा आठवड्यांनी पुन्हा ती तपासणी झाली. ०.६६ चं ०.६९. मी हिरमुसलो. तुम्ही म्हणालात, हा आकडा फारसा हलत नाही, चालणं हलतं. खरंच होतं. आज मी न थांबता चारशे मीटरच्या वर जातो.

मी गाडीत असताना दोन प्रकारचे वाहक पाहिले. एक, शेवटचा माणूस पायरीवर चढला की लगेच डबल बेल देणारा. दुसरा, म्हातारीने दांडा धरला का हे बघून मग देणारा. दोघांची गाडी वेळेवरच पोचायची. त्या म्हातारीच्या लक्षात दुसरा राहायचा. तुम्ही हात चोळून गरम करत होतात तेव्हा मला तो दुसरा आठवला. चांगुलपणाला पैसे लागत नाहीत, वेळही फार लागत नाही. गार हाताने पाय धरला असता तरी नाडी तेवढीच लागली असती. पण समोरचा माणूस दचकेल, हे ज्याच्या मनात येतं त्याच्या हातात आपला पाय निर्धास्त देता येतो. असे डॉक्टर, असे शिक्षक, असे कारकून अजून आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही.

तुम्ही ठरलेल्या फीवर एक रुपया जास्त घेतला नाहीत. सौ.नी पाठवलेलं भडंग तेवढं घेतलंत आणि डबा घासून परत केलात. त्यात दोन लाडू होते.

सोमवारपासून नातवाला बसपर्यंत मी सोडतोय. वाटेत एकदा थांबावं लागतं, तेव्हा तोही थांबतो. काल त्याने विचारलं म्हणून मी घोट्यामागची जागा त्याला दाखवली. त्याने बराच वेळ बोट ठेवलं आणि म्हणाला, "आबा, लागली."

आपला,
एक निवृत्त वाहक, सांगली